सुनेच्या नावाची डबी

“हा गू तुझा नाही.”

“अगं बाई! हे काय बोलणं झालं?”

“तुला नाही म्हणत, हिला म्हणते. तू मध्ये तोंड घालू नकोस. सांग गं, कुणाचा आहे?”

“कुणाचा म्हणजे? डबीवर नाव आहे ना तिचं! चांगलं ठसठशीत लिहिलंय.”

“नाव कुणीही लिहितं. भिंतीवर राणी लिहिलं म्हणून भिंत काय राज्य करते?”

“आणि तुला काय तो बोलून दाखवतो, मी अमकीचा म्हणून?”

“दाखवतो. सत्तावीस वर्षं दाखवतोय. माणसं खोटं बोलतात. हा एकटा बोलत नाही.”

खिडकीबाहेर दोघी उभ्या होत्या. पुढे सासू. ठेंगणी, रुंद, कारखान्यामागच्या खानावळीतली स्वयंपाकीण. पायात पोटरीपर्यंतचे रबरी बूट. खानावळीची फरशी दिवसातून चार वेळा धुवावी लागते, आणि बूट बदलून यायला तिला सवड कुठली! तिच्या पाठीमागे सून, सहावा महिना भरत आलेला. ती रोपवाटिकेत रोपं लावायच्या कामाला होती. दवाखान्याच्या दारापासून खिडकीपर्यंत पंधरा पावलं. तेवढ्यात पोरगी दोनदा भिंतीला टेकली. ओठ असे पांढरे, की पीठ खाऊन तोंड पुसायचं राहिलंय असं वाटावं.

आणि खिडकीच्या आत भिंगवाली.

तिला नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळं गाव तोंडावर ताई म्हणायचं आणि पाठ फिरली की भिंगवाली. त्याही पाठीमागे आणखी एक नाव होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं.

तिची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला, संडासाला लागून. पूर्वी तिथे बादल्या आणि झाडू ठेवायचे. आता बादल्या बाहेर गेल्या आणि भिंगवाली आत आली, एवढाच फरक. एक टेबल, त्यावर मायक्रोस्कोप. त्याच्या दोन डोळ्यांपैकी एकाला तडा गेलेला; नवा मागून मागून ती थकली, मग तडा गेलेल्या डोळ्यालाच सरावली. बाजूला काचपट्ट्या, मीठपाण्याची बाटली, आयोडीनची बाटली, काड्यांचा जुडगा. आणि खिडकीत, येणाऱ्याला समोरच दिसेल अशी, बुचाची एक जुनी जाड बाटली. तिच्यातल्या पिवळट पाण्यात वीतभर लांबीचा, दोऱ्याच्या गुंडाळीसारखा वळलेला, पांढुरका जंत. ओळखपाळख नसलेला माणूस विचारायचा, “हे काय?” भिंगवाली म्हणायची, “माझ्या नोकरीचं पत्र.”

आणि ते खरंच होतं.

ती एकोणीस वर्षांची होती. पाचवा महिना. घर खेड्यात, उकिरड्याला लागून; शेणही तिथेच, घरच्यांचं परसाकडंही तिथेच. त्याच उकिरड्याचं खत भाजीच्या वाफ्यात, वाफ्यातली भाजी घरात. एका सकाळी तिला उलटी झाली आणि उलटीबरोबर तोंडातून हे बाहेर आलं. जिवंत. सासू किंचाळली, नवरा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मग घरात खलबत झालं. ठरलं असं, की कुणाला काही बोलायचं नाही. लोक काय म्हणतील! पोटात पोर आहे की आणखी काही, अशी चर्चा होईल. सासऱ्यानं तर दार लावून घेतलं आणि म्हणाला, झालं ते झालं, उकिरड्यात टाक आणि वर राख ओत.

ही काही टाकेना. हिनं काडीनं ते उचललं, तेलाच्या रिकाम्या बाटलीत घातलं, वर बूच ठोकलं आणि पाच मैल चालत दवाखाना गाठला. तेव्हाचा डॉक्टर बाटली बघून खुर्चीसकट मागे सरकला. पण मागच्या खोलीतला म्हातारा तंत्रज्ञ, जुना भिंगवाला, त्याचे डोळे लकाकले. “झकास!” तो म्हणाला. “मादी आहे. बस पोरी, हिची अंडी दाखवतो तुला.” आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला काही तरी दाखवायला बसवलं होतं. ती बसली ती बसलीच. आधी झाडूवाली म्हणून, मग बाटल्या धुणारी म्हणून, मग परीक्षा देऊन म्हाताऱ्याच्या खुर्चीत. पोरगा झाला, मोठा झाला, लांबच्या शहरात गेला, अजून फोनवर विचारतो, “आई, तू अजून तेच काम करतेस?” नवऱ्यानं ती कामाला लागली तेव्हा तिच्या हातचं जेवण सोडलं होतं. तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याला भूक लागली.

तेव्हापासून तिचं एक मत पक्कं झालं. तिला गूची किळस नव्हती. तिला किळस होती ती तो आणणाऱ्यांच्या ऐटीची. कुणी डबी अत्तराच्या खोक्यात घालून आणायचं. कुणी चार पिशव्यांत गुंडाळून, वर गाठ मारून, दोन बोटांनी खिडकीत ठेवायचं, जणू शेजाऱ्यानं त्यांच्या हातात कोंबलंय. सावकार नोकराबरोबर पाठवायचा, आणि नोकर म्हणायचा, साहेबांची ‘वस्तू’ आहे. शाळेतल्या गुरुजींनी एकदा काचेची बरणी गच्च भरून आणली होती. कमी पडायला नको म्हणे. “गुरुजी,” ती म्हणाली होती, “वाटाण्याएवढा पुरतो. एवढ्यात तर वाफा खतावता येईल.” सगळे नाकाने कांदे सोलत यायचे आणि सगळ्यांचं आत सारखंच. मालकाचं आणि हमालाचं काचपट्टीवर शेजारी शेजारी ठेवलं तर कुठलं कुणाचं हे देवालाही सांगता येणार नाही. मात्र भिंगवालीला थोडंफार सांगता यायचं.

म्हणूनच ती आज हटून बसली होती.

गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. रोपवाटिकेतली ही सून चौथ्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात आली, तेव्हा तिचं रक्त नऊ होतं. फार नाही, पण निभण्यासारखं. डॉक्टरनं लोखंडाच्या गोळ्या दिल्या, आणि चौथा महिना लागला म्हणून जंताची एक गोळी. एकच गोळी, एकदाच चावून खायची. सासूनं ती डॉक्टरच्या समोर रुमालात बांधली, म्हणाली, “घरी जेवण झालं की देते, उपाशीपोटी सोसायची नाही तिला.” डॉक्टरनं कागदावर बरोबरची खूण केली. गोळी दिली. झालं.

महिन्यानं रक्त आठ. डॉक्टरनं संडासाची तपासणी सांगितली. डबी आली, भिंगवालीनं बघितली, स्वच्छ. पुढच्या पंधरवड्यात साडेसात. पुन्हा डबी, पुन्हा स्वच्छ. काल सहा पूर्णांक सहा. म्हणून ही तिसरी डबी.

डॉक्टर तरुण होता, या गावात दुसरंच वर्ष. अंगावर कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. रिपोर्ट तो चिमटीत धरायचा, कागदालाही वास असल्यासारखा, आणि सही करताना दुसरीकडे बघायचा. त्यानं या पोरीचा निकाल केव्हाच लावून टाकला होता: नीट खात नाही. गोळ्या थुंकते. अडाणी. तसं त्यानं कागदावर लिहिलंही होतं, अडाणी सोडून. ‘जंत नाहीत. आहार अपुरा.’ आणि दर वेळी पोरीला उभी करून तेच पुराण, पालेभाजी खा, फळं खा, दूध पी. पोरगी मान हलवायची. फळं कशाची खाणार? रोपवाटिकेत ती फळझाडांची रोपं लावायची. फळं धरेपर्यंत ती रोपं दुसऱ्याच्या बागेत गेलेली असायची.

त्या रोपवाटिकेनंच भिंगवालीचं डोकं फिरवलं होतं. तिथे तेरा बाया कामाला. दिवसभर ओल्या मातीत, खताच्या चिखलात, अनवाणी. मुकादमाचा नियमच तसा. चपला घातल्या की टाचेखाली कोवळं रोप चिरडतं आणि वाफ्याची माती दबते, असं तो म्हणायचा. आणि वाफ्याच्या कडेला झुडपं. बायांनी संडासला जायचं कुठं, तर तिथंच. तीच माती, तेच पाय. आकड्याचे जंत त्या मातीतून पायाच्या कातडीत शिरतात, फिरत फिरत आतड्याला जाऊन लटकतात आणि बसतात रक्त पीत. बारा बायांच्या डब्या भिंगवालीनं एका वर्षात बघितल्या होत्या. बाराच्या बारा भरलेल्या. आणि ही तेरावी, दोन जिवांची, सगळ्यांत फिकी, हिच्या डबीत काही नाही?

“वा,” ती गेल्या वेळी डॉक्टरला म्हणाली होती, “आकडेही माणूस बघून लटकतात वाटतं.”

“तुमचं काम बघून लिहायचं, बाई,” डॉक्टर म्हणाला होता. “तर्क करायला मी आहे.”

तर आता तिसरी डबी खिडकीत होती. झाकण काढलेलं. आत छान पिवळसर, घट्ट, निरोगी ऐवज. एखाद्या बालकाच्या जाहिरातीत घालावा असा.

“सासूबाई,” भिंगवाली म्हणाली, “लोखंडाच्या गोळ्या हिला देतेस?”

“देते म्हणजे! रोज. माझ्या हातानं. गिळली का म्हणून तोंडात बोट घालून बघते.”

“एकही दिवस चुकला नाही?”

“चुकला तर माझं नाव बदल.”

“मग हे काळं का नाही?”

सासूनं वाकून डबीत बघितलं.

“लोखंड खाल्लं की गू काळा होतो. काळाकुट्ट, डांबरासारखा. आज खाल्ली की उद्या-परवा काळा. या दवाखान्यात ज्या ज्या बाईला गोळी चालू आहे, तिची डबी मी कागद न बघता ओळखते. मागच्या दोन्ही वेळा मला वाटलं, ही गोळ्या थुंकते. तुझी सून महिनेन्‌महिने लोखंड खातीये आणि हागतीये हळदीसारखं. आता एकतर तू गोळ्यांचं खोटं सांगतेस, नाहीतर डबीचं. कुठलं खोटं ठेवायचं, तूच ठरव.”

सून मागच्या मागे बाकावर बसली.

इतक्यात आतल्या खोलीतून डॉक्टर बाहेर आला. “काय चाललंय? रिपोर्ट झाला का? मागे रांग खोळंबलीय.”

“नाही देत रिपोर्ट.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही डबी हिची नाही. मागच्या दोन्हीही नव्हत्या. मी लिहिलेलं दोन्ही वेळचं रद्द करा.”

डॉक्टरनं डबीकडे पाहिलं नाही. तो कधीच पाहायचा नाही. “बाई, हिनं जंताची गोळी घेतल्याची नोंद आहे. त्यानंतर दोन रिपोर्ट स्वच्छ. औषध लागू पडलंय. उगाच दुसरी गोळी द्यायला मला काही आधार नको का?”

“हवा की. आधार आतून आणते. गं पोरी, ऊठ.”

तिनं नवी डबी काढली, काडी काढली, आणि सुनेला संडासाचं दार दाखवलं. “आत जा. आधी माझ्या टेबलावरच्या थर्मासमधलं पेलाभर गरम पाणी पी. घाई नाही. मी दाराशी उभी आहे.”

“तिला परक्या जागी होत नाही,” सासू पुढे आली. “घरून आणू की उद्या.”

“घरून तीनदा आणलंस.”

“लाजेल ती!”

“लाजू दे. लाजून कुणी मेलं नाही. रक्त संपून मेलेल्या तिघींची नावं सांगू का तुला, याच बाकावर बसलेल्या?”

सून उठली, डबी मुठीत लपवून आत गेली, आणि दाराला आतून कडी लागली.

अर्धा तास गेला. डॉक्टर दोनदा घड्याळ बघून आत गेला. भिंगवाली दाराला टेकून उभी, हाताची घडी. सासू बाकाच्या टोकावर, बुटांची टोकं एकमेकांवर घासत. आतून काही आवाज नाही. एकदा सासू म्हणाली, “फार कडक बोलतेस गं तू.” भिंगवाली म्हणाली, “तुझ्या खानावळीत भात करपला तर तू काय गोड बोलतेस?”

मग कडी निघाली. सून घामानं भिजलेली, पण डबी पुढे केली ती सरळ, नीट हात लांब करून. आत वाटाण्याएवढा ऐवज होता. काळाकुट्ट.

भिंगवालीनं काचपट्टीवर मीठपाण्याचा थेंब टाकला, काडीच्या टोकानं कणभर कालवलं, वर पातळ काच ठेवली. तडा गेलेल्या डोळ्याला डोळा लावला. एक बाजू, दुसरी बाजू. चाक फिरवलं. तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. भिंगावर बसली, की सत्तावीस वर्षं तो एवढाच वर जायचा.

“ये, सासूबाई. बघ.”

“मी कशाला?”

“ये म्हणते ना. तुझ्याच घरचं आहे.”

सासूनं एक डोळा मिटून बघितलं. “काही नाही. नुसते फुगे.”

“लांबट फुगे? पातळ सालीचे? आत चार-चार, आठ-आठ गोळ्या असलेले?”

“हां. लई आहेत की गं. हे काय?”

“अंडी. आकड्याची. एवढी अंडी घालायला आत किती बायका लटकल्या असतील, हिशेब कर. त्या सगळ्या तुझ्या सुनेचं रक्त पिऊन बाळंत होतात, आणि ती बिचारी त्यांना लोखंड खाऊ घालते. तू रोज तोंडात बोट घालून बघतेस ना, त्या त्यांच्या गोळ्या.”

सासू मागे सरकली. तोंडात मारल्यासारखी.

“आता मला एवढंच सांग,” भिंगवालीनं पिवळी डबी टेबलावर टकटकवली. “डबी घरून तू आणतेस, म्हणजे ही कुणाची ते मला कळलंय. पण तुझं घर रोपवाटिकेला लागून, तुझ्या मागल्या दारी तोच चिखल. मग तू इतकी स्वच्छ कशी? जंताची गोळी खाल्ल्यासारखी?”

बाकावरून सून बोलली. सकाळपासून पहिल्यांदा. “खाल्ली त्यांनी.”

“गप गं!”

“खाल्ली ना आई तुम्ही. माझी गोळी. माझ्यासमोर.”

डॉक्टर दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं ऐकलं ते बरंच झालं, नाहीतर पुन्हा सांगावं लागलं असतं.

सासू आधी भिंतीकडे बघून बोलली, मग खाली बुटांकडे. “मग काय करणार? जंत मारायची गोळी म्हणाले हे. आत जंत वळवळतात, आत पोरही वळवळतं. त्या गोळीला काय कळणार, कुठलं वळवळणारं मारायचं आणि कुठलं ठेवायचं? माझा पहिला नातू आहे. म्हटलं नको. पण औषध फुकट कसं घालवायचं? माझंही पोट दुखत होतं. खाल्ली.”

“आणि डब्या?”

“पुढं हे म्हणाले तपासणी करा. हिची दिली असती तर जंत दिसले असते, आणि गोळी कुठं गेली म्हणून विचारलं असतं. शिवाय...” तिचा आवाज अगदी खाली गेला. “मी दोनशे माणसांचं जेवण करते, ताई. स्वयंपाकिणीच्या घरात जंत निघाले असं झालं असतं, तर कोण जेवलं असतं माझ्या हातचं? मग माझीच दिली. माझी चांगली होती.”

तिनं ते ‘चांगली होती’ जरा अभिमानानंच म्हटलं.

भिंगवाली हसली. मोठ्यानं, पोट धरून, खिडकीतली बाटली हलेल इतकं. रांगेतल्या बायांनी माना वळवल्या. “ऐकलंत साहेब? हिचं पोट तुमच्या गोळीनं साफ झालं, आणि त्या साफ पोटाचा पुरावा तुम्ही सुनेच्या कागदाला टाचलात. वर लिहिलंत, औषध लागू पडलं. पडलं की! सासूला.”

डॉक्टरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “यांनी खोटं सांगितलं. त्यात माझी काय चूक? मी विचारलं होतं, गोळी दिली का.”

“दिली का विचारलंत. खाल्ली कुणी ते नाही विचारलंत. आणि साहेब, म्हातारी अडाणी असेल, लबाड तर आहेच, पण तिचा प्रश्न बरोबर होता. गोळीला कसं कळतं? तो तिनं तुम्हाला विचारायला हवा होता. विचारला नाही, कारण तुम्ही तोवर पुढच्या बाईला पालेभाजी सांगत होता.”

डॉक्टरनं खिशातलं एक पेन काढून पुन्हा ठेवलं. मग, त्याचं त्यालाच कळलं असावं, की आता काही बोलावंच लागणार. सासूकडे वळून, पण भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत तो म्हणाला, “आकड्याचे जंत आतड्यात असतात, बाळ गर्भपिशवीत. गोळी आतड्यातल्या जंतांवर काम करते, रक्तात फार थोडी उतरते. पहिले तीन महिने आम्ही देत नाही. नंतर देतो. बाळाला धोका या गोळीपेक्षा या रक्ताचा जास्त आहे.”

“बघ,” भिंगवाली सासूला म्हणाली. “एवढंच होतं. पाणी प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.” मग सुनेकडे वळली. तिलाही ती सोडणार नव्हती. “आणि तू? तुला तोंड नव्हतं? तीन डब्या जाईपर्यंत मातीच्या बाहुलीसारखी उभी?”

“होतं,” सून म्हणाली. “पण तोंड उघडलं की धाप लागते.” जरा थांबून श्वास घेतला. “आणि खरं सांगू? त्यांनी गोळी खाल्ली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मलाही भीती होतीच.”

“हां. हे खरं बोललीस. एवढं तरी तुझं स्वतःचं.”

डॉक्टरनं गोळी आणली. या वेळी भिंगवालीनं ती रुमालात जाऊ दिली नाही. “चाव. इथे, माझ्यासमोर. जीभ वर. गाल दाखव. आता सासूबाई, तू तोंड उघड.”

“मी कशाला?”

“तुझा भरवसा नाही.”

रांगेतली एक बाई खुदकन हसली, आणि सासूनं खरोखर तोंड उघडून दाखवलं.

डॉक्टरनं मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. सहा पूर्णांक सहावर नुसत्या गोळ्यांनी भागणार नव्हतं. शिरेतून लोखंड चढवावं लागणार, कदाचित रक्तही. उद्याच जायचं. तीन महिने हातात होते. दोन आधीच वाया घालवून झाले होते.

“ताई,” सून हळूच म्हणाली. “तिथून आले की परत त्याच वाफ्यात जायचंय. अनवाणी. पुन्हा होतील ना?”

पोरीला डोकं होतं म्हणायचं.

“होतील. म्हणून चपला घालायच्या. नाही, बूट.”

“मुकादम घालू देत नाही.”

“मुकादम!” भिंगवालीनं हा शब्द असा उच्चारला, की तो काडीच्या टोकावर धरून काचपट्टीवर पुसावा. “त्याच्या रोपाची काळजी त्याला आहे. तुझ्या पोटातल्या रोपाची कोण करणार?” तिनं रिपोर्टचा कागद पुढे ओढला. ‘आकड्याच्या जंताची अंडी, भरपूर’ असं लिहिलं. त्याखाली, मोठ्या अक्षरांत: ‘पोटरीपर्यंतच्या बुटांशिवाय हिला वाफ्यात उतरवू नये. तिथल्या सगळ्या बायांनाही. उतरवल्यास जबाबदारी मुकादमाची.’ कागद डॉक्टरपुढे सरकवला. डॉक्टरनं सवयीप्रमाणे दुसरीकडे बघत सही केली आणि शिक्का मारला.

दीड वर्षात पहिल्यांदा भिंगवालीला त्याच्या त्या सवयीचा उपयोग झाला.

“बूट कुठून आणू?” सून म्हणाली.

भिंगवालीची नजर खाली गेली. सासूच्या पायांवर.

“अगं ए!” सासू म्हणाली. “मी काय घालू? खानावळीची फरशी धुवायचीय मला.”

“खानावळ तुला नवे देईल. नाही दिले तर सांग, तिथल्या भांडी घासणाऱ्यांच्याही डब्या मागवते, आणि निकाल दारावर चिकटवते. काढ.”

सासूनं बूट काढले. एक पाय वर करून, बाकाचा आधार घेऊन, तोंडातल्या तोंडात शिव्या घालत. आतले मोजे दोन्ही अंगठ्यांशी फाटलेले. सुनेनं बूट घातले. दोन बोटं मोठे होते, चालताना फटक फटक वाजायचे. सासूनं तिचा दंड धरला. पडू नये म्हणून धरला, की बूट नजरेआड होऊ नयेत म्हणून, देव जाणे. आणि दोघी दाराकडे निघाल्या. पुढे फटक फटक, मागे फाटके मोजे, फरशी टाळत टाळत टाचांवर.

“सासूबाई!” भिंगवालीनं खिडकीतून हाक मारली.

“आता आणि काय?”

“पंधरा दिवसांनी दोघींच्याही डब्या आण. आणि नावं अदलाबदल करू नकोस. मला कळतं.”

सासू वळली नाही. पण हात वर करून काहीतरी खूण केली. आशीर्वाद नव्हता तो.

भिंगवालीनं काळी काचपट्टी औषधाच्या पाण्यात टाकली, पिवळी डबी कचऱ्यात. हात धुतले, पुसले. खिडकीत आता एक जाडजूड बाई उभी होती, हातात रंगीत कागदात बांधलेलं, वर फीत लावलेलं काहीतरी, चेहरा छताकडे.

“हे यांचं आहे,” ती बाई म्हणाली. “साहेबांचं.”

“वाढदिवस आहे का त्यांचा?” भिंगवाली म्हणाली आणि फीत सोडायला लागली.